आजा नव्वदीला पोचला, मग सरासरी 32 कशी?

सीमाभागात हा प्रश्न हमखास विचारला जातो: "आमच्या आज्यानं जन्मात सुई टोचून घेतली नाही, जोंधळ्याची भाकरी खाऊन नव्वद वर्षं जगला. आता बेळगावात गल्लोगल्ली दवाखाने आहेत आणि माणूस पंचावन्नाव्या वर्षी अटॅकनं जातोय. मग देशाचं आयुर्मान वाढलं म्हणतात, ते औषधांमुळं की राहणीमुळं? आणि खरंच वाढलंय का?"

वाढलंय, आणि भरपूर वाढलंय. 1941 ते 1950 या दशकात भारतात जन्माच्या वेळचं आयुर्मान 32 वर्षं होतं. 1970 ते 75 च्या सुमारास ते 50 च्या घरात आलं आणि आता 70 च्या आसपास आहे. कर्नाटक देशाच्या सरासरीलगत, महाराष्ट्र दोन-तीन वर्षं पुढं, केरळ 75 च्या आसपास. पण 32 या आकड्याचा अर्थ लोक बत्तिशीत म्हातारे होत होते, असा नाही. इथंच बहुतेकांची गफलत होते, म्हणून आधी हिशेब करून बघू.

दहा मुलं जन्मली असं धरा. त्यातली तीन मुलं एकेका वर्षाची होऊन दगावली, सात जणं सत्तरी गाठून गेली. सगळ्यांची वर्षं मिळवा: 3 अधिक 490, म्हणजे 493. भागिले दहा. आयुर्मान 49. त्या गावात एकही माणूस 49 व्या वर्षी मेलेला नाही, तरी सरासरी 49. आता तीनाऐवजी एकच मूल दगावलं असं धरा: 1 अधिक 630, भागिले दहा, म्हणजे 63. दोन लेकरं वाचली आणि आयुर्मान 14 वर्षांनी वर गेलं. उलट तीन मुलं दगावतातच, पण उरलेले सात जण सत्तरीऐवजी पंचाहत्तरीपर्यंत जगतात असं धरलं, तर सरासरी जेमतेम 53 होते.

आज्याचं कोडं यातच सुटतं. तो नव्वदीला पोचला हे खरं, पण त्याच्या पाठची किती भावंडं पाळण्यातच गेली, हे घरातल्या जुन्या बायकांना विचारा. आपण जगलेल्याकडं बघून नियम बांधतो. गेलेल्यांचे फोटोसुद्धा नसतात. देशाच्या आकड्यांतही हेच दिसतं. 1970 ते 75 मध्ये साठी गाठलेल्या भारतीयाला पुढं सरासरी 14 वर्षं मिळत, आता सुमारे 18 मिळतात. म्हणजे अर्ध्या शतकात जन्माच्या वेळचं आयुर्मान 20 वर्षांनी वाढलं, साठीनंतरचं फक्त चारेक वर्षांनी. मुख्य कमाई लहान मुलं वाचवण्यातली आहे. 1971 मध्ये भारतात हजार जन्मांमागं 129 बाळं वर्षाच्या आत जात; 2020 मध्ये कर्नाटकात हा आकडा 19 होता, महाराष्ट्रात 16, केरळात 6.

ही मुलं वाचली कशानं? यात मोठ्या इस्पितळांचा वाटा लोकांना वाटतो त्यापेक्षा कमी आहे. बेळगावच्या टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर रोज सकाळी शेकडो लोक चालायला येतात. त्या नावातली व्हॅक्सिन म्हणजे देवीची लस. देशात ही लस जिथं तयार होई त्या मोजक्या ठिकाणांत बेळगाव होतं. भारतात देवीचा शेवटचा स्थानिक रुग्ण मे 1975 मध्ये सापडला, त्यानंतर ती लस बनवायची गरजच उरली नाही. दुसरं उदाहरण जुलाबाचं. 1971 च्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाईन संपल्यावर मीठ-साखरेचं पाणी तोंडानं पाजलं आणि मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांवरून 3.6 टक्क्यांवर आणलं. ओआरएसचं (जुलाबावरच्या मीठ-साखरेच्या भुकटीचं) पाकीट नसेल तर घरातलं माप असं: एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि सपाट म्हणजे बोटानं वरचा भाग पुसून. मीठ शीग लावून घातलं तर तेच पाणी बाळाला घातक ठरतं. पाकीट असेल तर ते अख्खं एक लिटरमध्ये एकदम घालायचं. अर्धं आज, अर्धं उद्या करताना माप हमखास चुकतं.

ही औषधं म्हणायची की राहणी? दोन्ही. म्हणूनच "आयुर्मानात वैद्यकीय सेवेचा वाटा फक्त 10 टक्के, सवयींचा 40" असले जे आकडे फिरतात, त्यांवर फार विसंबू नये. ते अमेरिकेतल्या अकाली मृत्यूंच्या चर्चेतून आलेत, आणि मुळात कारणं अशी वाटे पाडून बेरजेत बसत नाहीत. बिडी ओढणाऱ्याला क्षय झाला, पोटात पुरेसं अन्न नव्हतं आणि औषधं मध्येच सुटली, तर त्या मृत्यूचे टक्के कुणाच्या खात्यात टाकायचे? इंग्लंडमध्ये क्षयाचे बरेचसे मृत्यू स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचं पहिलं गुणकारी औषध येण्याआधीच कमी झाले होते. इकडं झारखंडमध्ये क्षयरोग्यांच्या घरच्यांना शिधा दिल्यावर त्यांच्यात नव्यानं क्षय होण्याचं प्रमाण 39 ते 48 टक्क्यांनी घटलं. पण म्हणून सहा महिन्यांच्या गोळ्यांचा कोर्स अर्ध्यावर सोडून चालत नाही.

नीट मोजलेलं एक उत्तर हृदयविकाराबाबत आहे. 1980 ते 2000 या काळात अमेरिकेत हृदयविकाराचे मृत्यू निम्म्याच्या आसपास घटले. त्या घटीपैकी सुमारे 47 टक्के उपचारांमुळं आणि 44 टक्के बीपी, कोलेस्टेरॉल, सिगारेट वगैरे कमी झाल्यामुळं, असा हिशेब निघाला. जवळजवळ निम्मं-निम्मं. मात्र तीच अमेरिका राष्ट्रीय उत्पन्नाचा सहावा हिस्सा आरोग्यावर खर्चून 2019 मध्ये 78.8 वर होती, जपान 84 वर. पैसा ओतला की वर्षं वाढतात असं नाही. आणि वाढलेली वर्षं परतही जातात: सोव्हिएत संघ मोडल्यावर रशियात दारू इतकी वाढली की 1994 मध्ये पुरुषांचं आयुर्मान 58 च्या खाली घसरलं. तिथले दवाखाने काही नाहीसे झाले नव्हते.

आता आपल्याकडं बघा. हजारात 19 बाळं दगावत असतील, तर ती सगळी वाचवली तरी आयुर्मानात दीड वर्षाच्या वर भर पडत नाही. (ती वाचवायचीच, तो प्रश्नच नाही.) पुढची मोठी कमाई 30 ते 69 या वयातले मृत्यू टाळण्यात आहे. आज्याच्या काळाची तुलना करणाऱ्याला पंचावन्नाव्या वर्षीचा अटॅक दिसतो तो यामुळंच. पूर्वी त्यातले बरेच जण पंचावन्नपर्यंत पोचतच नव्हते. आता पोचतात आणि तिथं अडखळतात. अडखळतात ती कारणंही मोजकीच: तंबाखू, बीपी, साखर, दारू, महामार्ग.

तंबाखूपासून सुरू करू, कारण निपाणी आपल्याच भागात आहे आणि तिथली चूल कित्येक वर्षं तंबाखूवर आणि बिड्यांवर पेटली. 1981 मध्ये शरद जोशींच्या मागं इथल्या शेतकऱ्यांनी भावासाठी महामार्ग अडवला होता. त्यामुळं "तंबाखू वाईट" एवढं म्हणून भागत नाही. फिनलंडमधल्या उत्तर करेलियाची गोष्ट इथं उपयोगाची आहे. तो दूध-लोण्याचा भाग, आणि हृदयविकारानं मरणारे पुरुष जगात सगळ्यांत जास्त तिथं. 1972 मध्ये पेक्का पुस्का यांच्या पुढाकारानं काम सुरू झालं, आणि लोणी कमी करा म्हणताना शेतकऱ्यांना बेरीवर्गातल्या फळांच्या लागवडीकडं वळवण्याचा उद्योगही त्यात होता. चार दशकांत 35 ते 64 वयाच्या पुरुषांतले हृदयविकाराचे मृत्यू 80 टक्क्यांहून जास्त घटले. पर्याय हातात दिला म्हणून पीक बदललं, नुसत्या भाषणानं नाही.

भारतातल्या मोठ्या अभ्यासात बिडी ओढणारे पुरुष सरासरी 6 वर्षं लवकर जातात असं दिसलं, बिडी ओढणाऱ्या बायका 8 वर्षं, सिगारेटवाले पुरुष 10 वर्षं. ब्रिटिश डॉक्टरांवरच्या दीर्घ अभ्यासात सोडण्याचा फायदाही मोजला गेला: तिशीत सोडली तर 10 वर्षं परत मिळतात, चाळिशीत 9, पन्नाशीत 6, साठीत 3. "आता एवढं वय झालं, सोडून काय उपयोग" याला हे उत्तर. पण आपल्याकडं धुरापेक्षा चघळणं जास्त: चंचीतली तंबाखू-चुना, मावा, आणि बायकांची मशेरी. मशेरीला कुणी व्यसन म्हणतच नाही, "दात घासायची" म्हणतात. गरोदरपणातही ती चालू राहते आणि बाळ कमी वजनाचं जन्मतं. सकाळी मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, ही तक्रार खरी असते. निकोटिन आतड्याला चालना देतं. म्हणून सोडताना आधी दोन आठवडे रात्री भिजवलेल्या मनुका, सकाळी दोन तांबे कोमट पाणी आणि पालेभाजी वाढवायची, मग मशेरीचा डबा घराबाहेर काढायचा. उलट क्रमानं केलं तर चौथ्या दिवशी डबा परत येतो.

तंबाखूची तलफ तीन ते पाच मिनिटं टिकते, पहिले तीन दिवस सगळ्यांत अवघड. निकोटिनचा गम मिळतो. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिला विडा लागत असेल तर 4 मिलिग्रॅमचा, नाही तर 2 चा. तो साध्या च्युइंगगमसारखा सतत चघळला की उचकी लागते, पोटात जळजळतं आणि माणूस म्हणतो, हे काय कामाचं नाही. हळू चावायचा, झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा, चव गेली की पुन्हा दोन-चार वेळा चावायचा. आधी पंधरा मिनिटं चहा नको. चहानं तोंड आंबट होऊन निकोटिन नीट शोषलं जात नाही. मोफत सल्ल्याचा नंबर 1800-11-2356.

बीपीबद्दल तर फार लिहायला लागेल, कारण इथं सगळ्यांत स्वस्तात सगळ्यांत जास्त वर्षं मिळतात. वरचा आकडा 10 नं खाली आणला तर पक्षाघाताचा धोका सुमारे 27 टक्क्यांनी आणि एकूण मृत्यूचा 13 टक्क्यांनी घटतो. त्यासाठी लागते ती बहुधा अ‍ॅम्लोडिपिन 5 मिलिग्रॅमची एक गोळी, पुरत नसेल तर जोडीला टेल्मिसार्टन 40. सरकारी दवाखान्यात फुकट, बाहेरही जेनेरिक घेतली तर महिन्याला एका चहा-भज्याच्या खर्चात.

चुका होतात त्या मोजण्यात आणि थांबण्यात. शिबिरात जिना चढून आलेल्या, रांगेत उभ्या असलेल्या, शर्टाच्या बाहीवरून पट्टा बांधलेल्या माणसाचा आकडा काही कामाचा नसतो. पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या पातळीला. आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, लघवी करून यायचं, मोजताना बोलायचं नाही. दोनदा मोजायचं, मध्ये मिनिटभर थांबून. दंड जाड आणि पट्टा लहान असला तर आकडा खोटा वाढतो. वेगवेगळ्या दिवशी 140/90 किंवा त्यावर आलं, तर ते बीपी.

मग गोळी सुरू होते, महिन्यानं बीपी 128 येतं, आणि घरात निकाल लागतो: "नॉर्मल आलं, आता बंद कर, सवय लागते." बीपी नॉर्मल आलं ते गोळीमुळं. छत्री धरली म्हणून भिजलो नाही, तर पावसात छत्री मिटायची का? दुसरी समजूत, "गोळीनं किडनी जाते." किडनी जाते ती वर्षानुवर्षं वाढलेल्या बीपीनं आणि साखरेनं, आणि ऊसतोडीनंतर कंबर धरली म्हणून मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय घेतलेल्या डायक्लोफेनॅकनं. ही दुखण्याची गोळी बीपीही वाढवते. शंभर गोष्टी सांगण्यापेक्षा ही एक नीट सांगितली पाहिजे.

मिठाचं गणित घरी करता येतं. माणशी दिवसाला 5 ग्रॅम ही मर्यादा, म्हणजे एक सपाट चमचा. चौघांचं घर असेल तर एक किलोचं पाकीट 50 दिवस पुरायला हवं. पाकिटावर फोडल्याची तारीख पेनानं लिहा. 25 दिवसांत संपलं तर दुप्पट चाललंय, आणि यात बाहेरचा वडापाव, फरसाण धरलेलंच नाही. मीठ लपतं ते खर्डा, लोणचं, पापड, सांडगी मिरची आणि दह्यावर वरून टाकलेल्या चिमटीत. ताटाच्या कडेला मीठ वाढायची रीत बंद केली तरी फरक दिसतो. पोटॅशियमचं मीठ मिळतं. चीनमधल्या मोठ्या प्रयोगात त्यानं पक्षाघात 14 टक्क्यांनी कमी झाले. पण किडनीचा आजार असेल किंवा टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोनसारख्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये; रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडतात.

साखरेचं धोरण असंच: तिशीनंतर वर्षातून एकदा तपासणी, डायबेटिस निघाला तर औषध रोज, पाय रोज संध्याकाळी बघणं. भाकरी "डायबेटिसला चालते" म्हणून चार खायच्या नाहीत.

दवाखान्याची खरी ताकद दिसते ती तासांच्या हिशेबात. छातीत दाब, घाम, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ: पित्त समजून सोडा पिण्यात आपल्याकडं पहिले दोन तास जातात. 108 ला फोन, अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्राव नसेल तर 300 मिलिग्रॅम चावून खायची, आणि ईसीजी निघेल अशा सगळ्यांत जवळच्या ठिकाणी जायचं. 2021 मध्ये अभिनेते पुनीत राजकुमार 46 व्या वर्षी गेले. त्यांच्या नावाच्या हृदय ज्योती योजनेत कर्नाटकातल्या तालुका रुग्णालयांत गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेज इंजेक्शन मोफत मिळतं. ते पहिल्या तीन तासांत जेवढं काम करतं तेवढं आठव्या तासाला करत नाही. अथणी-रायबागकडून मिरजेला, निपाणीहून कोल्हापूरला, खानापुरातून बेळगावला किंवा गोव्याला जायची रीत आहे आणि ती ठीक आहे. पण इंजेक्शन तालुक्यातच घेऊन मग पुढं. दोन राज्यांची दोन कार्डं असतात, 2023 मध्ये महाराष्ट्रानं आपली महात्मा फुले योजना 865 सीमागावांना लागू केल्यापासून तर जास्तच. कुठलं कार्ड कुठं चालतं याची चौकशी आज, निवांतपणी करून ठेवा. रात्री दोन वाजता ती करू नये.

पक्षाघाताला मुदत साडेचार तास, तीही सीटी स्कॅन झाल्यावर. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळलं की "लकव्याचं औषध" देणाऱ्या गावाला जाण्यात ती मुदत संपते. माणूस नंतर थोडाफार सुधारतो, तो बहुधा आपोआप सुधारणारच असतो, आणि श्रेय त्या औषधाला मिळतं. सर्पदंशालाही हेच. घोणस, नाग, मण्यार, फुरसं, चारींवर एकच प्रतिविष चालतं, सुरुवातीला साधारण दहा कुप्या लागतात. आवळपट्टी, चिरा, मंत्र यांत गेलेला तास परत मिळत नाही. दुचाकीच्या हेल्मेटनं अपघातातल्या मृत्यूचा धोका 42 टक्क्यांनी कमी होतो, आणि बावीस वर्षांचा मुलगा वाचला तर वरच्या हिशेबात एका फटक्यात पन्नासेक वर्षं जमा होतात.

बाळंतपणातला रक्तस्राव हा बेळगावचा स्वतःचा अध्याय आहे. 2002 ते 2005 मध्ये जिल्ह्यातल्या खेड्यांत 1620 बायकांवर एक चाचणी झाली. बाळ जन्मताच नर्सबाईंनी त्यातल्या निम्म्या जणींना मिसोप्रोस्टॉल 600 मायक्रोग्रॅम, म्हणजे 200 च्या तीन गोळ्या, तोंडानं दिल्या, बाकीच्यांना औषध नसलेल्या गोळ्या. रक्तस्रावाचं प्रमाण औषध नसलेल्यांत 12 टक्के, तर औषध मिळालेल्यांत 6.4 टक्के निघालं, गंभीर रक्तस्राव 1.2 विरुद्ध 0.2. 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं या वापरासाठी ती अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. पहिली पसंती आजही ऑक्सिटोसिन 10 युनिटच्या इंजेक्शनला. पण ते 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं, आणि पावसाळ्यात लाइट गेली की उपकेंद्राचा फ्रीज गरम होतो. औषध दिसायला तसंच राहतं, गुण गेलेला असतो. गोळीला फ्रीज लागत नाही, इथंच ती उपयोगी पडली. पोटात दुसरं बाळ नाही ना, हे तपासल्याशिवाय मात्र दोन्हींपैकी काहीही द्यायचं नाही.

खानापूरच्या जंगलभागात, भीमगडाकडच्या वाड्यांत, आयुर्मान पावसाळ्यातल्या ओढ्यांवरही ठरतं. तिथं मृगाआधीच तयारी करावी लागते. बीपी, साखर, फिट्स, दमा यांच्या गोळ्या तीन महिन्यांच्या एकदम मागून घ्यायच्या, कोरड्या डब्यात ठेवायच्या. गरोदर बाईला तारखेच्या दोन आठवडे आधी तालुक्याच्या ठिकाणी नातेवाइकांकडं आणायचं. चिठ्ठी कन्नडमध्ये आणि आज्जीला फक्त मराठी येतं, अशी घरं बरीच आहेत. तेव्हा औषध घेतानाच पाकिटावर सकाळच्या गोळीला सूर्य आणि रात्रीच्या गोळीला चंद्र काढून मागायचा, आणि बीपीची कुठली हे तिच्याकडून एकदा म्हणून घ्यायचं. एकाच औषधाच्या दोन कंपन्यांच्या स्ट्रिप्स घरात असतील तर एक काढून टाका. रंग वेगळा दिसला की दोन्ही खाल्ल्या जातात.